नाट्यगृह जळण्याआधी काढायचा फोटो

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले हे नाट्यगृह 1915 साली 'पॅलेस थिएटर' या नावाने सुरू झाले आणि पुढे त्याला केशवरावांचे नाव मिळाले. शंभर वर्षांहून जुना रंगमंच, छप्पर आणि प्रेक्षागृह काही तासांत गेले. धूर निवायच्या आत कलावंतांनी आणि रसिकांनी एकमुखाने मागणी केली, की नाट्यगृह होते तसेच उभे करा. मागणी रास्तच होती. मात्र 'होते तसेच' हे शब्द अभियंत्याच्या टेबलावर गेले की त्यांचे शंभर प्रश्न होतात. रंगमंचाच्या कमानीची गोलाई किती होती? सज्जाचा कठडा बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत यायचा की हनुवटीपर्यंत? छताच्या फळ्या कोणत्या दिशेने बसवल्या होत्या? भिंतीचा रंग पिवळट होता की मळून पिवळट झाला होता? चाळीस वर्षे त्या रंगमंचावर उभा राहिलेला नटही या प्रश्नांपुढे गोंधळेल, कारण वास्तू अंगवळणी पडली की माणूस तिच्याकडे बघायचे सोडून देतो. अशा वेळी उपयोग होतो तो नोंदीचा. जुन्या नाट्यगृहाच्या अंतर्भागाचे छायाचित्र हे आधी नोंदीचे काम आहे, शोभेचे नंतर. ते वास्तू धडधाकट असताना, ठरवून आणि शिस्तीने व्हायला हवे. आणि ज्या गावात ऑपेरा हाऊस नाही, त्या गावालाही हे काम शिकून घेण्याची तेवढीच गरज आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण गिरगावात आहे. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसची कल्पना 1908 मधली. मॉरिस बँडमन हा कलकत्त्यातला नाटक-करमणुकीचा व्यावसायिक आणि जहांगीर फ्रामजी कराका हे दलालीच्या पेढीचे मालक, या दोघांनी ती उचलून धरली. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या, म्हणजे कोळशाच्या गावच्या वाचकाने कराकांची दलाली कसली होती ते ध्यानात घ्यावे, ती कोळशाची होती. 1911 मध्ये बांधकाम चालू असतानाच पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन उरकले गेले आणि काम त्यानंतर पुरे झाले. घाट युरोपातल्या बरोक शैलीचा. वर आठ भागांत विभागलेला घुमट आणि त्यावर कवी-नाटककारांची चित्रे, खाली प्रेक्षागृह, त्याभोवती बॉक्स, वर बाल्कनी आणि दर्शनी दालनात ससून कुटुंबाकडून आलेली बिलोरी झुंबरे. गोऱ्या साहेबांच्या संगीतिकांसाठी बांधलेले हे घर फार काळ त्यांचे राहिले नाही. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गायले, पृथ्वीराज कपूर यांच्या नाटकांचे प्रयोग इथे झाले. मूकपट आले, मग बोलपट आले आणि ऑपेरा हाऊस हे चित्रपटगृह झाले. 1952 मध्ये ते गोंडलच्या राजघराण्याकडे गेले. एकपडदा चित्रपटगृहांचे दिवस फिरल्यावर 1993 मध्ये दारे बंद झाली, ती उघडायला 2016 चा ऑक्टोबर उजाडला.

या बंद काळातच आतल्या छायाचित्रांचे मोल कळले. 2012 मध्ये 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड' या संस्थेने धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत ऑपेरा हाऊसचे नाव घातले. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धाराचे काम केले आणि 2017 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. हे काम वाटते तितके सरळ नव्हते. सिनेमासाठी आत बरेच फेरफार झाले होते आणि मूळ वास्तूवर पुढच्या पिढ्यांच्या आवडीनिवडीचे थर चढले होते. अशा वास्तूत मूळ कोणते आणि मागाहूनचे कोणते, हे ठरवायला तीन साक्षीदार लागतात. पहिला वास्तू स्वतः, म्हणजे रंगाचे थर खरवडून दिसणारा खालचा रंग आणि भिंतीत राहिलेल्या जुन्या खुणा. दुसरा कागदपत्रे आणि नकाशे. तिसरा जुनी छायाचित्रे. भिंतीवरून काढून टाकलेल्या बॉक्सचा कठडा खरवडून सापडत नाही, कारण तिथे खरवडायला काही उरलेलेच नसते. तो छायाचित्रातच सापडतो.

जुन्या छायाचित्रांवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवता येत नाही, आणि शिस्तीचा मुद्दा इथूनच सुरू होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी वापरात असलेल्या बऱ्याच काचेच्या प्लेटना लाल रंग दिसतच नसे. त्यांना निळा प्रकाश भरपूर दिसे, हिरवा-पिवळा बऱ्यापैकी, आणि लाल जवळजवळ काळा येई. आता नाट्यगृहात काय असते? लाल मखमलीचा पडदा, लाल खुर्च्या आणि सोनेरी वर्ख. म्हणजे त्या काळच्या छायाचित्रात गडद दिसणारा पडदा लाल होता, तपकिरी होता की काळा, हे नुसते छायाचित्र पाहून सांगता येत नाही. वर्ख लावलेली नक्षी एका कोनातून लखलखीत पांढरी येते, दुसऱ्या कोनातून मळकट राखाडी. आकार खरा, रंग बेभरवशाचा, असा हा साक्षीदार आहे. छायाचित्रकाराने त्या वेळी वहीत चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, की पडदा किरमिजी, कठडा हस्तिदंती, वर्ख फक्त नक्षीच्या उंचवट्यांवर, तर पुढच्यांचे काम किती सोपे झाले असते! छायाचित्र आणि त्याच्यासोबतची लेखी टीप मिळूनच नोंद पुरी होते.

जगातला सर्वांत गाजलेला दाखला व्हेनिसचा आहे. तिथले ला फेनिचे हे ऑपेरागृह 29 जानेवारी 1996 च्या रात्री आगीत गेले. आत काम करणाऱ्या दोन इलेक्ट्रिशियननी ती लावल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. शहराने ठरवले की ते जसे होते तसे आणि जिथे होते तिथेच पुन्हा बांधायचे. त्यासाठी नकाशे आणि छायाचित्रे धुंडाळली गेली, त्यात एका चित्रपटाचीही मदत झाली. लुकिनो व्हिस्कॉन्ती यांच्या 1954 च्या 'सेन्सो' या चित्रपटाचा आरंभीचा प्रसंग खऱ्या ला फेनिचेत, खचाखच भरलेल्या प्रेक्षागृहात चित्रित झालेला आहे. दिग्दर्शकाला प्रेमकथा सांगायची होती, पण बॉक्सची सजावट आणि तिची रंगसंगती त्याच्या रंगीत फिल्मवर आपोआप नोंदली गेली. डिसेंबर 2003 मध्ये ला फेनिचे पुन्हा उघडले. या गोष्टीचा एक धडा सगळे सांगतात, की छायाचित्रण असले तर वास्तू परत मिळते. दुसरा धडा सहसा कोणी सांगत नाही. एवढ्या प्रसिद्ध वास्तूच्या बाबतीतही आतल्या रंगांसाठी एखाद्या कथापटातल्या प्रसंगाकडे वळावे लागले. इतर नाट्यगृहांच्या नशिबी व्हिस्कॉन्ती नसतो.

नशिबावर विसंबू नये म्हणूनच एकोणिसाव्या शतकात या कामाची पद्धत घडली. 1851 मध्ये फ्रेंच सरकारने पाच छायाचित्रकार निवडून देशभरच्या जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढायला पाठवले. जर्मनीत आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या तरुण वास्तुविशारदावर 1858 मध्ये वेट्झ्लारच्या चर्चची मापे घेण्याचे काम होते. उंचावर मापे घेताना तो पडता पडता वाचला आणि त्याच्या डोक्यात आले, की भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रावरूनच मापे का काढू नयेत? त्या विचारातून छायाचित्रमापन हे शास्त्र उभे राहिले. 1885 मध्ये बर्लिनमध्ये त्यासाठी सरकारी संस्था निघाली आणि तिच्या हजारो काचेच्या प्लेट दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा उभारताना कामी आल्या. आपल्याकडे हेन्री कझेन्स यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या पुरातन अवशेषांची यादी 1897 मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे नोंदीची परंपरा वऱ्हाडाला नवी नाही. पण त्या काळच्या नोंदी देवळे, लेणी, किल्ले यांच्याभोवती फिरत राहिल्या. नाट्यगृह, टॉकीज, सभागृह यांना 'पुरातन' म्हणायला कोणी धजावले नाही आणि ती नोंदीबाहेर राहिली.

मग नाट्यगृहाचा अंतर्भाग टिपायचा कसा? पहिला प्रश्न कॅमेरा कुठे ठेवायचा. आपण सगळे प्रेक्षक असल्याने आपले डोळे रंगमंचाकडे असतात आणि बहुतेक फोटोही तिकडेच बघणारे असतात. नाट्यगृह खरे उलगडते ते मात्र उलट्या बाजूने. रंगमंचाच्या मध्यावर, पुढच्या कडेला उभे राहून प्रेक्षागृहाकडे पाहिले, की बाल्कनीची घडी, बॉक्सची रांग, मागची दारे, वरचा घुमट असे सगळे एका दृष्टिक्षेपात येते. डेव्हिड लेवेंती या अमेरिकी छायाचित्रकाराने जगभरच्या ऑपेरागृहांची जी मालिका केली, ती याच जागेवरून, म्हणजे गायक उभा राहतो तिथून. त्यानंतर बाल्कनीच्या मध्यातून रंगमंच, दोन्ही बाजूंच्या भिंती समोरासमोर, कॅमेरा जमिनीवर आडवा ठेवून सरळ वर छत, आणि मग तपशील. खांबाचा माथा, कठड्याचा एक पूर्ण तुकडा, खुर्चीचा हात आणि तिच्यावरची क्रमांकाची पट्टी, पायऱ्यांची झिजलेली कड. प्रत्येक तपशिलाशेजारी सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी धरलेली हवी. प्रेक्षक जिथे जात नाही तो भाग तर सोडूच नये. विंगा, रंगपट, रंगमंचाखालची पोकळी, पडद्याच्या दोऱ्या आणि कप्प्या, प्रोजेक्टरची खोली, तिकिटाची खिडकी. जीर्णोद्धारात सर्वांत आधी बदलतात त्या याच जागा, आणि फोटोही सर्वांत कमी याच जागांचे असतात.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. नाट्यगृह बांधणाऱ्याने ते अंधारासाठी बांधलेले असते. बाल्कनीखाली काळोख आणि झुंबरात लखलखाट असा फरक माणसाचा डोळा सहज सांभाळतो, कॅमेऱ्याला तो एका फोटोत झेपत नाही. म्हणून कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून एकाच जागेवरून पाच-सात फोटो वेगवेगळ्या एक्स्पोजरने घेतात. काही दिव्यांसाठी अगदी कमी वेळाचे, काही सावल्यांसाठी कित्येक सेकंदांचे. मागाहून ते एकत्र करतात. फ्लॅश टाळलेला बरा, कारण तो वर्खावर आपटून परततो आणि नक्षीचा उठाव सपाट करून टाकतो. रंगाचे दुखणे आणखी वेगळे. जुन्या पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण 2,700 केल्विनचा, दारातून येणारा दिवसाचा 5,500 च्या आसपास, आणि मध्येच कोणी पांढरा एलईडी लावलेला. तिन्ही मिसळले की एकच भिंत तीन रंगांची दिसते. उपाय साधा आहे. एका वेळी एकाच प्रकारचा प्रकाश ठेवावा आणि प्रत्येक मालिकेच्या पहिल्या फोटोत राखाडी कार्ड व रंगपट्टी धरावी. पुढच्या काळात कोणालाही त्या पट्टीवरून मूळ रंग जुळवता येतो. लाल रंग न दिसणाऱ्या प्लेटमुळे शंभर वर्षांपूर्वी जे हुकले, ते आज एका पुठ्ठ्याच्या तुकड्याने साधते.

तिसरा प्रश्न लेन्सचा, आणि इथे फसवणूक सर्वाधिक होते. वाइड अँगल लेन्सने प्रेक्षागृह ऐसपैस दिसते, पुढच्या खुर्च्या ताणल्या जातात, मागची भिंत लांब पळते. मुंबईचे ऑपेरा हाऊस आज 575 आसनांचे आहे, म्हणजे नागपूरच्या सुमारे दोन हजार आसनांच्या कविवर्य सुरेश भट सभागृहापुढे ते अगदीच लहान. तरी त्याचे अनेक फोटो पाहून ते प्रचंड असल्याचा समज होतो. खरे तर त्याचा लहानपणा हाच त्याचा गुण आहे. गायकाचा आवाज यंत्राशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून ते तसे बांधलेले आहे. जाहिरातीच्या फोटोला भव्यता चालते, नोंदीच्या फोटोत प्रमाण खरे राहिले पाहिजे. म्हणून मध्यम लेन्स वापरावी, भिंतीच्या उभ्या रेषा उभ्याच ठेवाव्यात, कॅमेरा वर-खाली कलू देऊ नये आणि एका फोटोत मावत नसेल तर चार घ्यावेत.

इथवर आल्यावर पहिला आक्षेप येणारच. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, प्रत्येक प्रयोगाला शेकडो फोटो निघतात, मग वेगळा खटाटोप कशाला? पण हे शेकडो फोटो एकमेकांसारखे असतात. त्यात नट असतात, सत्कार असतात, दीपप्रज्वलन असते, पाहुण्यांच्या मागे पडद्याचा कोपरा असतो. छत नसते, मागची भिंत नसते, रंगपट नसतो. शिवाय मोबाईल स्वतःच रंग चढवतो, सावल्या उजळतो, आणि तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरला की त्यातला बारकावा गाळला जातो. वर तो कधी, कुठून काढला याचा पत्ता राहत नाही. शेकडो फोटो असूनही एका खांबाचा माथा त्यातून जुळवता येऊ नये, असे होऊ शकते. याउलट मोबाईलनेच, पण वर सांगितलेल्या शिस्तीने काढलेले साठ फोटो खरी नोंद ठरतात. म्हणजे हा आक्षेप यंत्राबद्दल नाहीच, सवयीबद्दल आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, छायाचित्र फक्त वरवरचे दाखवते, खरी नोंद मोजणीच्या नकाशांची, आणि आता तर लेझर स्कॅन आहे. पॅरिसच्या नोत्र-दामचे उदाहरण ते देतात. अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने ते चर्च आधीच लेझरने मोजून ठेवले होते, आणि 15 एप्रिल 2019 च्या आगीनंतर ती मापे मोलाची ठरली. हे सगळे खरे आहे. पण मोजणीचा नकाशा आणि स्कॅन दोन्ही वास्तूची मापे सांगतात. पृष्ठभाग कसा होता, रंग कुठे उडाला होता, ओल कुठून उतरत होती, वर्ख खरा होता की पिवळा रंग फासलेला होता, हे छायाचित्रच सांगते. शिवाय आता एकमेकांवर साठ-सत्तर टक्के चढतील असे फोटो काढले तर त्यांवरून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती आणि मापेही मिळतात. स्कॅनरचा खर्च मोठ्या शहरालाही जड जातो, मग तालुक्याच्या गावाला तो कुठून परवडणार? फोटोंची शिस्त परवडते. शेतीच्या मोजणीचे जसे असते, की ती बांधावर भांडण लागण्याआधी झाली तरच उपयोगी पडते, तसेच हेही. यंत्र कोणते यापेक्षा वेळ कोणती, हा प्रश्न मोठा.

तिसरा आक्षेप रसिकांचा, आणि तो मनाला भिडणारा आहे. नाट्यगृह म्हणजे भिंती का? तिसरी घंटा, नांदी, चौथ्या अंकापर्यंत जागलेले प्रेक्षक, वन्समोअर हे सगळे वगळून रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढून काय हाती लागणार? वणीहून वर्धा नदीपलीकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडे पाहिले तर हा आक्षेप अधिकच पटतो. तिथली रंगभूमी पक्क्या इमारतीशिवाय जगते. गावात मंडप पडतो, रात्रभर नाटक चालते, सकाळी मंडप उठतो. तरी तिच्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. रंगभूमी इमारतीत नसते, हे कबूलच. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. मंडप एका रात्रीत उठतो म्हणूनच त्याची आतली रचना, रंगमंचाची उंची, पडद्यांचा क्रम, दिव्यांच्या जागा यांची नोंद अधिक तातडीची ठरते. रिकाम्या घराचा फोटोही वाटतो तितका मुका नसतो. जर्मन छायाचित्रकार कांडिडा ह्योफर यांनी माणसांविना टिपलेल्या ग्रंथालयांत आणि ऑपेरागृहांत माणसे कुठे बसत, कोण उंचावर आणि कोण मागे, हे उलट ठसठशीत दिसते. जपानचे हिरोशी सुगिमोतो चित्रपट सुरू होताना शटर उघडतात आणि संपल्यावर मिटतात. साऱ्या चित्रपटाचा मिळून एक पांढरा चौकोन होतो आणि त्याच्या उजेडात सभागृहाची नक्षी उजळून निघते. आवाजाची नोंद अर्थातच वेगळी करायला हवी. पण लाकूड कुठे, चुन्याचा गिलावा कुठे, कापड कुठे, हे छायाचित्रात दिसले तर आवाज तसा का घुमत होता याचाही अंदाज येतो.

चौथा आक्षेप सर्वांत अवघड. नोंद झाली की पाडायला मोकळीक मिळते, असे काही जण म्हणतात. 'फोटो काढून ठेवलेत ना, मग आता संकुल होऊ द्या.' ही भीती खोटी नाही. नागपूरच्या सीताबर्डीवर विदर्भातल्या नाट्यरसिकांच्या पिढ्या घडवणारे धनवटे रंगमंदिर होते, आज त्या जागी संकुल उभे आहे. चांगले फोटो असते तर ते वाचले असते, असा दावा कोणी करू नये. छायाचित्र पाडकाम थांबवत नाही. पण ते लोकांचे डोळे उघडते. बंद दाराआड काय आहे हेच लोकांना ठाऊक नसेल, तर त्यासाठी कोण आवाज उठवणार? सिनेमॅटोग्राफर हेमंत चतुर्वेदी गावोगाव फिरून शेकडो एकपडदा चित्रपटगृहांचे आतले-बाहेरचे फोटो काढत आले आहेत. त्यातली कित्येक पडायच्या मार्गावर आहेत. ती फोटोंनी वाचणार नाहीत, पण छोट्या गावच्या टॉकीजलाही घडण आणि सौंदर्य असते हे त्या फोटोंनी दाखवून दिले. नोंद ही पाडण्याची परवानगी नव्हे, हे मात्र नोंद करणाऱ्याने आपल्या अहवालात पहिल्याच ओळीत लिहावे.

आता वणीकडे येऊ. वणीत ऑपेरा हाऊस नाही आणि असण्याचे कारणही नव्हते. यवतमाळ जिल्ह्याला 1905 पर्यंत वणीचे नाव होते, पण गावाला मोठेपण आले ते खाली असलेल्या कोळशाने आणि आसपासच्या चुनखडीने. हाच कोळसा इथल्या नोंदीची निकड दहापट करतो. खुली खाण पुढे सरकते तशी तिच्या वाटेतली गावे उठतात. मोबदल्यासाठी घरांची मोजणी होते, किती खोल्या, भिंत मातीची की विटांची, छप्पर कौलारू की पत्र्याचे. पण देवळाच्या सभामंडपाचा आतला घाट, शाळेच्या पटांगणातला रंगमंच, जिथे भजन आणि दंडार रंगे ती ओसरी, हे कोणत्याच तक्त्यात नसते. पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीत देऊळ बांधले जाते ते सिमेंटचे, सरळसोट. लोकांची मागणी तीच असते, होते तसे करा. आणि उत्तरही तेच मिळते, कसे होते ते दाखवा. जुन्या टॉकीजना, संस्थांच्या सभागृहांनाही हेच लागू आहे. रंग पालटतो, फॉल्स सीलिंग येते, जुनी फरशी टाइल्सखाली जाते. त्यासाठी आग लागावी लागत नाही.

परवानगीची अडचण सांगितली जाते, पण ती कायद्यापेक्षा संकोचाची अधिक आहे. 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे कलम 52 पाहिले तर वास्तूचे छायाचित्र काढल्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही. आत शिरायला मालकाची किंवा विश्वस्तांची परवानगी लागते, ती लेखी घ्यावी आणि फोटोंचा एक संच त्यांना द्यावा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत तिपाई न्यायची तर वेगळी परवानगी घ्यावी लागते. सुरक्षेसाठी तिजोरी, वायरिंगचे फलक अशा जागांचे फोटो सार्वजनिक संचातून वगळावेत. एवढे केले की बहुतेक विश्वस्त आनंदाने दार उघडतात, कारण वास्तूचा विमा, दुरुस्तीचा अर्ज, अनुदानाचा प्रस्ताव या सगळ्यांत तेच फोटो त्यांच्या उपयोगी पडतात.

तेव्हा हे काम कोणा तज्ज्ञाची वाट पाहत थांबवू नये. गावातल्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग, एखादा लग्नाचे फोटो काढणारा छायाचित्रकार आणि वास्तूची माहिती असलेले एक वयस्क गृहस्थ एवढी मंडळी पुरे आहेत. वर्षाला एक वास्तू निवडावी. एक दिवस दिवे आणि दारे आपल्या हाती ठेवून, पट्टी आणि राखाडी कार्ड धरून ती आतून पूर्ण टिपावी. प्रत्येक फोटोला क्रमांक, तारीख, दिशा आणि दोन ओळींची टीप जोडावी. तीन प्रती कराव्यात, एक विश्वस्तांकडे, एक गावच्या वाचनालयात आणि एक गावाबाहेर, कारण आगीत वास्तूबरोबर तिची नोंदही जळाली तर सगळे मुसळ केरात. सुरुवात दिवाळीच्या रंगरंगोटीआधी करावी, कारण दर वर्षी सर्वांत जास्त जुने रंग त्याच आठवड्यात कायमचे झाकले जातात.